नेवाळे मास्तरांची एक सही

कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाच्या फॉर्मवर सही करायला कुणालाही अर्धं मिनिट पुरतं. नेवाळे मास्तरांना वीस मिनिटं लागली. त्यांनी फॉर्म वाचला, मग उलटा करून मागचे बारीक टाइपातले नियम वाचले, एकेका ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत. एका नियमाचे त्यांना दोन अर्थ लागत होते, तेव्हा त्यातला कोणता धरायचा असं त्यांनी कारकुनाला अदबीनं विचारलं. कारकून म्हणाला, "कोणताही धरा, पण रांग सोडा." मास्तरांनी रांग सोडली नाही. नियम पुन्हा वाचला, मान हलवली आणि मग खिशातून पेन काढून, टोपण नीट मागे बसवून, 'ह. गे. नेवाळे' अशी सुवाच्य सही केली.

मी त्यांच्या मागेच उभा होतो. नुकताच बी.ए. झालेला, बाविशीतला. ते अडतिशीचे असावेत. काळी टोपी, कोपरावर शिवलेला खाकी कोट, हातात मिटलेली छत्री. ही छत्री बारा महिने मिटलेलीच असे. ऑफिसातून बाहेर पडताना त्यांनी माझं गाव विचारलं. चिंचवड म्हटल्यावर त्यांना इतका आनंद झाला की मीच ओशाळलो. ते चिखलीचे आणि चिंचवडच्या हायस्कुलात मास्तर. म्हणजे आता दोन वर्षं रोज सकाळी आम्ही एकाच गाडीनं पुण्याला जाणार होतो.

पन्नाससालानंतरचे ते दिवस. विद्यापीठ नवं होतं, पुण्यात जिकडं तिकडं कॉलेजं, खानावळी आणि विद्यार्थ्यांच्या खोल्या वाढत होत्या. कायद्याचे वर्ग सकाळी भरत, त्यामुळं कारकून, मास्तर, पोस्टातली माणसं अशी पोटापाण्याला लागलेली मंडळी वर्गात निम्म्याला निम्मी असायची. नऊला वर्ग सुटला की मास्तर धावत स्टेशन गाठत आणि अकराच्या ठोक्याला शाळेत हजर होत.

चिखली ते चिंचवड स्टेशन हा तेव्हा सायकलीचा चांगला पाऊण तासाचा कच्चा रस्ता. तरी मास्तर गाडीच्या अर्धा तास आधी फलाटावर असायचे. सायकल स्टेशनाबाहेरच्या अब्दुलचाचांच्या दुकानात लावायची, कुलूप ओढून बघायचं, चार पावलं चालून परत येऊन पुन्हा ओढायचं. चाचा म्हणायचे, "मास्तर, माझ्यावर भरोसा ठेवा, नाहीतर कुलपावर तरी ठेवा." मास्तर हसायचे आणि एकदा ओढायचेच.

सगळ्यांत मोठी भीती त्यांना गाडी चुकण्याची. दुसरी, परीक्षेत उत्तर येत असून वेळ न पुरण्याची. घशाला बरं म्हणून लवंग चघळायचे, पण आम्हाला ठाऊक होतं की ती घशासाठी नव्हती, धास्तीसाठी होती. शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला कायद्याची कलमं उतरवून घेत आणि गाडीत ती माझ्याकडून म्हणून घेत. मी चुकलो तर मला रागवायचे नाहीत, स्वतःच कावरेबावरे व्हायचे, जणू माझ्या चुकीनं त्यांच्याही हातून काहीतरी निसटलं.

सहीचं त्यांचं वेड सगळ्या वर्गाला माहीत होतं. ग्रंथालयाचं कार्ड असो, सहलीची यादी असो, वाचल्याशिवाय पेन उघडायचं नाही. कुणी चेष्टा केली तर म्हणायचे, "राव, घाईतली सही आणि घाईतली सोयरीक, दोन्ही जन्मभर पुरतात."

पहिल्या वर्षाची परीक्षा एप्रिलमध्ये झाली. मास्तर चांगल्या मार्कांनी पास झाले. जूनमध्ये फलाटावर भेटले तेव्हा मी अभिनंदन केलं, तर त्यांनी नुसतं हं म्हटलं. सुटीत माणूस वाळला होता. मला वाटलं, घरी कुणाचं आजारपण झालं असेल.

दुसऱ्या वर्षी पुराव्याचा कायदा शिकवायला देवस्थळी सर आले. करड्या स्वभावाचे, कुणाला फारसं विचारू न देणारे. पहिल्याच आठवड्यात मास्तर उभे राहिले. "सर, समजा, एका इसमानं एका कागदावर पंच म्हणून सही केली. पण कागदात लिहिलेलं त्यानं पाहिलेलं नाही. तर?" सरांनी उत्तर दिलं. पुढच्या आठवड्यात मास्तर पुन्हा उभे. समजा, त्या इसमाला कागदात काय लिहिलंय ते ठाऊकच नव्हतं. त्यानंतर, समजा, तो इसम शिकलेला आहे. समजा, दुसऱ्या पंचानं ते खरं आहे असं सांगितलं. वर्गात खसखस पिकू लागली. कुणीतरी त्यांना 'समजाराव' नाव पाडलं आणि ते उभे राहिले की मागच्या बाकावरून कुजबूज व्हायची, आला इसम. मीही त्या हसण्यात होतो. सर मात्र हसत नसत. ते दर खेपेला मास्तरांकडं जरा जास्त वेळ बघायचे.

ऑगस्टमधल्या एका रविवारी मास्तरांनी मला चिखलीला जेवायला बोलावलं. त्यांच्या मंडळी, दोन मुली, शेणानं सारवलेली स्वच्छ ओसरी. जेवण झाल्यावर ते मला पोचवायला निघाले. गावाबाहेर ओढ्याच्या अलीकडं पाच-सहा झोपड्या होत्या. पिंपरीच्या माळावर तेव्हा एक मोठा कारखाना उभा राहत होता आणि त्याच्या बांधकामावर लांबलांबची माणसं आली होती. त्यांतलीच काही तिथं राहायची. झोपड्या दिसताच मास्तर बोलायचे थांबले आणि भरभर चालू लागले. तेवढ्यात एक बाई डोक्यावरची सरपणाची मोळी रस्त्यात टाकून पुढं आली. तिशीची असेल, नवव्या महिन्यातली. पदर सावरून तिनं मास्तरांना लांबूनच नमस्कार केला.

"गुर्जी, काय कळालं का हो? तुमी वकिलीचं शिकतात, तुमाला कळत असंल. कवा सोडतेत आमच्या मालकाला?"

मास्तर म्हणाले, "तारीख लागायची आहे बाई. चौकशी करतो."

"करा बाबा. तुमच्याबिगर कुणाला इचारावं आमी? आमच्या बीडाकडलं हितं कुणी न्हाई."

ती मोळी उचलून गेली. मास्तर ओढ्याच्या दगडावर बसले. मग त्यांनी मला जे सांगितलं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता सांगायला हरकत नाही.

परीक्षेचा पहिला दिवस. पेपर अकराला, सायकलच्या पंक्चरपायी उशीर झालेला, गाडीला जेमतेम तास उरलेला आणि मास्तर सायकलवरून निघालेले. चावडीपाशी पाटलांनी हात करून थांबवलं. चौकीवरचे जमादार आलेले होते. चावडीच्या कट्ट्यावर तांब्याच्या तारेचं एक वेटोळं पडलं होतं आणि कोपऱ्यात एक मजूर गुडघ्यांत मान घालून बसला होता. पाटील म्हणाले, "मास्तर, हितं येवढी सही करा. कारखान्याची तार घावली, त्याचा कागद हाय. शिकल्याल्या मानसाची सही पायजे म्हन्त्यात सायेब." मास्तर कागद वाचायला लागले. पहिल्या दोन ओळी नाव-गाव-तारखेच्या. जमादारांनी घड्याळ बघितलं. मास्तरांनी स्वतःचं घड्याळ बघितलं. त्या एका कागदात वर्षाची मेहनत बुडणार असं त्यांना दिसायला लागलं. त्यांनी सही केली आणि सायकल दामटली. गाडी मिळाली. पेपरही चांगला गेला.

निकालाच्या सुमारास त्यांना रुखरुख लागली. पाटलांकडं जाऊन त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं, त्या कागदात काय होतं हो? पाटील हसले. कागदात असं होतं की, आरोपी गणपत यानं पंचांना बरोबर नेऊन, आपल्या झोपडीमागची जमीन स्वतःच्या हातानं उकरून, पुरलेली तार पंचांसमक्ष काढून दिली. पंच क्रमांक दोन, हरिभाऊ गेनू नेवाळे, हायस्कूल शिक्षक.

गणपत म्हणजे त्या बाईचा नवरा. जामीन राहायला कुणी नसल्यामुळं तो एप्रिलपासून कच्च्या कैदेत होता. आणि मास्तरांची सही त्या कागदावर आहे, हे त्या बाईला ठाऊक नव्हतं.

मी वकिलीचा विद्यार्थी होतो, तेव्हा लगेच विचारलं, "पण त्यानं चोरली होती की नाही?"

"ते मला ठाऊक नाही," मास्तर म्हणाले. "मला एवढंच ठाऊक आहे, की मी तिथं नव्हतो."

त्यानंतरचे सहा महिने मी त्यांच्याबरोबर प्रवास केला आणि एवढी काळजी करणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. दर टपालाला समन्स येईल म्हणून ते धसका घेत. शाळेत शिपाई वर्गाच्या दारात उभा राहिला तरी हातातला खडू निसटायचा. गाडीत कलमं म्हणायचं बंद झालं. पुस्तक उघडं ठेवून खिडकीबाहेर बघत बसायचे आणि मध्येच म्हणायचे, "ती बाळंत झाली. मुलगा झाला." किंवा, "आज रस्त्यात नव्हती. आजारी असेल का?" ओढ्यावरून न जाता चिंचवडला येणारी दुसरी एक वाट होती, दोन मैल लांबची. ती धरा म्हणून मी सुचवलं. त्यांनी तीन दिवस धरली, चौथ्या दिवशी पुन्हा ओढ्यावरून आले. का, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मी विचार करकरून त्यांना एक तोडगा सुचवला होता, आणि त्याचा मला अभिमानही वाटत होता. साक्षीच्या वेळी 'आठवत नाही' म्हणायचं. खोटंही नाही, खरंही नाही. जमादार चिडणार नाहीत, गणपतलाही थोडा फायदा होईल आणि मास्तरांच्या नावाला धक्का लागणार नाही. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "पण राव, मला तर आठवतंय."

खरं बोलायचं तर काय काय जाणार होतं, हे त्यांनी नीट जोखलं होतं. पाटील शाळेच्या कमिटीवर होते. त्यांनी एकदा घरी येऊन सांगितलं होतं की मास्तर, आपन एका गावचे, फुडंमागं बगून बोला. सनद मिळवायला चारित्र्याचा दाखला लागतो. न पाहिलेल्या गोष्टीखाली सही करणारा माणूस वकील कसा होणार, हा प्रश्न कुणीतरी काढणारच. मास्तर पन्नाशीकडं झुकलेले नव्हते, पण पुन्हा सुरुवात करण्याच्या वयाचेही नव्हते. दोन मुली होत्या.

समन्स फेब्रुवारीत आलं. साक्षीच्या आदल्या दिवशी वर्ग सुटल्यावर ते देवस्थळी सरांच्या खोलीत गेले. मला बरोबर चला म्हणाले. आत गेल्यावर त्यांनी तोंड उघडलं, पण त्यांना सुरुवातच करता येईना. सरांनीच केली.

"नेवाळे, तो इसम तुम्हीच ना?"

"होय सर."

सरांनी टेबलावरच्या कागदांची कड सारखी केली. मग म्हणाले, "काय करा ते मी सांगणार नाही. तो माझा अधिकार नाही. कायदा तेवढा सांगतो. आज ते खोटं कागदावर आहे, तोवर ती तुमची चूक आहे. उद्या शपथेवर बोललात, की गुन्हा. तुमच्या हातात अजून एक दिवस आहे. पुष्कळांच्या हातात तो नसतो."

कोर्टात मी मागच्या बाकावर बसलो होतो. गणपत आरोपीच्या पिंजऱ्यात होता, हाडं निघालेला, कुणाकडंच न बघणारा. त्याची बायको तान्हं मूल घेऊन दाराशी जमिनीवर बसली होती. मास्तर आत येताना दिसले तशी ती थोडी उठली. आपल्या बाजूचं माणूस आलं असं तिला वाटलं असावं.

पहिल्या पंचाची साक्ष सुरळीत झाली. मग मास्तरांनी शपथ घेतली. सरकारी वकिलांनी पंचनामा पुढं केला आणि ही सही तुमची का, म्हणून विचारलं. मास्तरांनी कागद वाचायची परवानगी मागितली. वकील म्हणाले, फक्त सही बघायची आहे. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी वाचू दे म्हणून खूण केली.

मास्तरांनी तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत. जमादार भिंतीशी उभे होते, त्यांनी एकदा घसा खाकरला. परत देताना कागद मास्तरांच्या हातून निसटला, शिपायाला तो खाली वाकून उचलावा लागला. पण आवाज वर्गात शिकवताना यावा तसा आला.

"सही माझी आहे. यात लिहिलेलं माझ्यासमोर घडलेलं नाही. मी त्या जागी गेलोच नव्हतो. तार मी चावडीवर पाहिली."

सरकारी वकिलांनी त्यांना लगेच फितूर ठरवून उलटतपासणी मागितली. ती अर्धा तास चालली. तुम्ही कायदा शिकता? होय. न वाचता सही करता? एकदा केली. का केली? "गाडी चुकेल म्हणून," ते म्हणाले. "परीक्षा होती." कोर्टात काही माणसं हसली. तेवढा एकच क्षण असा होता की मास्तरांनी मान खाली घातली.

गणपत आठवड्याभरानं सुटला. निकालात साहेबांनी पंचनाम्यावर विश्वास ठेवता येत नाही असं लिहिलं आणि पुढं हेही लिहिलं की, या साक्षीदारानं वेळीच काळजी घेतली असती तर आरोपीचे दहा महिने कच्च्या कैदेत गेले नसते. मास्तरांनी ते वाक्य स्वतःच्या हातानं उतरवून घेतलं. का घेतलं ते मला तेव्हा कळलं नाही.

पण मला निकालापेक्षा साक्षीच्या दिवशीची दुपार आठवते. मास्तर कोर्टातून बाहेर आले, मी त्यांच्या मागं. आवारात झाडाखाली ती बाई उभी होती. मूल झोपलं होतं. मला वाटलं, पाया पडेल. मास्तरांनाही तीच धास्ती असावी, कारण ते दोन पावलं मागं सरले. ती पुढं आली नाही. तिथूनच बोलली, आवाज न चढवता.

"दहा म्हैनं तुमालाच इचारीत व्हते, गुर्जी."

ती अजून थोडा वेळ उभी राहिली, उत्तर आहे का बघितलं आणि मूल सावरत फाटकाकडं गेली. परतीच्या गाडीत मास्तर छत्रीच्या दांड्यावर हनुवटी टेकून बसले होते. खडकी गेलं, दापोडी गेली. चिंचवडला उतरायची आठवण त्यांना मी करून दिली.

पुढं जे व्हायचं ते झालं. मार्चअखेर शाळेनं त्यांना, जागा कमी केल्याचं कारण देऊन, निरोप दिला. गावात पाटलांनी बोलणं टाकलं. जमादारांकडून त्रास होईल अशी मला भीती होती, तेवढी गोष्ट मात्र झाली नाही. त्यांची बदली झाली. अशा स्थितीत मास्तर दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला बसले आणि पासही झाले. मार्क बेताचे होते.

सनदेच्या अर्जाच्या वेळी आमचं भांडण झालं, आयुष्यातलं एकुलतं एक. त्यांनी अर्जाला एक पुरवणी जोडली होती. तिच्यात पंचनाम्याची सगळी हकीकत आणि निकालातलं ते उतरवून घेतलेलं वाक्य होतं. अर्जात हा प्रश्न कुठंच विचारलेला नाही, न विचारलेल्याचं उत्तर देणं हा वेडेपणा आहे, असं मी त्यांना कळकळीनं सांगितलं. माझा आवाज चढला. ते म्हणाले, "तुमचं खरं आहे," आणि पुरवणी तशीच ठेवली. मला माझी सनद त्याच पावसाळ्यात मिळाली. त्यांचा अर्ज चौकशीसाठी अडकला तो सव्वा वर्ष. तोवर त्यांनी तळेगावला एका शाळेत तात्पुरती नोकरी धरली, बिऱ्हाड तिकडं हलवलं. शेवटी सनद आली, तसं त्यांनी मला कार्ड टाकून कळवलं. कार्डात आनंद दिसत नव्हता. खाली एक ओळ होती: 'चिखलीकडे गेलात तर ओढ्यावरची ती मंडळी कुठे गेली याची चौकशी करावी.'

मी चौकशी केली. झोपड्या उठल्या होत्या. कारखान्याचं पहिलं बांधकाम संपल्यावर माणसं पांगली होती. कुणी म्हणालं, गणपत बायको-मुलाला घेऊन बीडकडं परत गेला. कुणी म्हणालं, भोसरीकडं खडी फोडायला आहे. कुणी म्हणालं, देहूरोडला. मी मास्तरांना तसं कळवलं आणि मनातून विषय काढून टाकला. ते दोघं सापडले तर मास्तर त्यांना काय सांगणार होते, हे मला कळत नव्हतं. मला वाटतं, त्यांनाही कळत नव्हतं.

पुढं माझी वकिली पुण्यात मार्गाला लागली, त्यांची वडगावच्या कोर्टात जेमतेम चालायची असं कानावर यायचं. भेटी थांबल्या.

त्यानंतर दोनएक वर्षांनी एका रविवारी मी लोणावळ्याहून परत येत होतो. उन्हं उतरली होती. पिंपरीच्या अलीकडं सिग्नल मिळेना म्हणून गाडी थांबली. रुळांना लागूनच आणखी एका कारखान्याचं काम चाललं होतं, लोखंडी खांब उभे राहिले होते आणि कडेला मजुरांच्या झोपड्यांची लांबच लांब रांग होती. चुली पेटलेल्या. त्या रांगेच्या तोंडाशी काळा कोट घातलेला एक माणूस एका बाईसमोर उभा होता. बाई भाकरी थापता थापता मान हलवत होती, नाही म्हणून. त्या माणसानं हात तान्ह्या मुलाएवढा धरून दाखवला, मग काहीतरी आठवल्यासारखं थांबून तो जरा वर केला, तीन-चार वर्षांच्या पोराच्या डोक्याएवढा. बाईनं पुन्हा मान हलवली.

मी खिडकीतून हाक मारली. इंजिनाची शिट्टी झाली, हाक त्यांच्यापर्यंत पोचली नाही. गाडीला हिसका बसला. मास्तरांनी बाईला नमस्कार केला, कोट सारखा केला आणि ते पुढच्या झोपडीपाशी जाऊन उभे राहिले.